शकिलाभाबीचा लख्ख गोठा

कर्जतहून मिरजगावकडं निघालं की आठ-नऊ किलोमीटरवर शेखवस्ती लागते. चार घरं, एक विहीर आणि रस्त्याच्या कडेला चांदभाईंचा गोठा. चांदभाईंचा म्हणायचं ते सातबाऱ्यावर त्यांचं नाव म्हणून. गोठा खरा त्यांच्या बायकोचा, शकिलाभाबीचा. पाच संकरित गाई होत्या, आणि पाचही गाईंच्या शेपटीचे गोंडे असे पांढरेशुभ्र, की आल्यागेल्या बायका गमतीनं विचारायच्या, "भाबी, शाम्पू कोनता लावता?"

शकिलाचं माहेर केडगावचं. नगरच्या पुणे रस्त्यावर, दोन खोल्यांच्या घरात ती वाढली. लग्न होऊन वस्तीवर आली त्या आठवड्यातच सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या होत्या, शहरातल्या पोरीला शेणाचा वास सोसायचा नाही, महिनाभरात नाक दाबून माहेरी पळंल. शकिलानं ते दाराआडून ऐकलं. ती पळाली नाही. तिनं शेणच दिसू द्यायचं नाही असं ठरवलं. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली, तरी तो हट्ट काही सुटला नव्हता. शेण पडायचा अवकाश, की घमेलं घेऊन शकिला हजर. दिवसातून दोनदा गोठा धुवायचा, गव्हाणी पुसायच्या. गाईंच्या पुढ्यात जे पडेल तेही नीटनेटकंच असलं पाहिजे.

बांधापलीकडं मुक्ताबाईचा गोठा. तिथं सगळा आनंदच होता. कोंबड्या गव्हाणीत बसायच्या, गाईंच्या मांड्यांवर शेणाच्या खपल्या वाळलेल्या, आणि मुक्ताबाई त्यातूनच फताफत पाय टाकत, मोठमोठ्यानं बोलत धारा काढायची. दोघींची पंचवीस वर्षांची मैत्री. शकिला तिला आक्का म्हणायची. ईदला शिरखुर्म्याचं पातेलं बांध ओलांडून जायचं, संक्रांतीला तिळगुळाचा डबा इकडं यायचा. मात्र मुक्ताबाईच्या गोठ्यात चहा प्यायची वेळ आली की शकिला उभ्यानंच प्यायची, हे मुक्ताबाईला ठाऊक होतं, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

शकिलाच्या जिवाला घोर लागला तो दिवाळीनंतर. गुलाब नावाची गाय व्यायली. कालवड झाली, पण वासरामागून पडायची ती वार काही पडेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. शेवटी गावातल्या एका जुन्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी औषधं घातली, वार कशीबशी निघाली. पंधरा दिवस जातात न जातात तो गुलाबची कास एका बाजूनं दगडासारखी टणक झाली. हात लावू देईना. सडातून दुधाऐवजी दह्यासारख्या कण्या यायला लागल्या. दगडी. दूधवाल्या घरात हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. इंजेक्शनांचा कोर्स झाला, गाय वाचली, पण तो सड कायमचा आटला.

दीड महिन्यानं नूरी व्यायली. तिचीही वार अडकली, तिलाही दगडी झाली.

त्याच आठवड्यात दूध केंद्रावर तो प्रसंग घडला. केंद्र चालवणारा गोरक्षनाथ तसा सरळ माणूस. शंका आली की तो चार वाट्या असलेल्या प्लास्टिकच्या ताटलीत दूध घ्यायचा, त्यात जांभळं औषध ओतायचा आणि ताटली हलक्या हातानं फिरवायचा. दूध चांगलं असेल तर पातळच राहतं. आजारी कासेचं असेल तर अंड्याच्या बलकासारखं घट्ट होऊन बसतं. शकिलाचं दूध घट्ट झालं. रांगेत सात-आठ जण उभे होते. गोरक्षनाथ म्हणाला, "भाबी, धार काढायच्या आधी हात जरा नीट धूत जा."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्यांनाच तो तसं सांगायचा. पण शकिलाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिनं किटली उचलली आणि घरी येऊन ओट्यावर बसून राहिली. चांदभाई कांद्याचा टेम्पो घेऊन बाजाराला गेले होते. संध्याकाळी परतल्यावर सगळी हकिगत ऐकून म्हणाले, हात धुऊन धुऊन तुझ्या तळव्यावरच्या रेषा पुसल्या, आणखी काय धुणार तू? तिला हसू आलं नाही.

त्यानंतर तर तिनं कहरच केला. बांगड्या उतरवल्या, नखं मुळापर्यंत कापली. प्रत्येक गाईला वेगळा टॉवेल, तो रोज उकळत्या पाण्यातून काढायचा. धार काढायच्या आधी आणि नंतर सड औषधाच्या पाण्यात बुडवायचे. गाई बसायच्या तिथं नवी कोरडी माती. मुक्ताबाई बांधावरून बघायची आणि म्हणायची, अगं भाबी, गाय हाय ती, नवरी न्हाई. शकिला आपलं काम करत राहायची. मनात मात्र एक काटा रुतून बसला होता, आणि त्याची तिला स्वतःचीच लाज वाटायची. आक्काचा गोठा हा असा, आणि तिच्या एकाही गाईला दगडी नाही. का?

फेब्रुवारीत बिजली व्यायली. सगळ्यात चपळ, सगळ्यात जास्त दूध देणारी, शकिलाची लाडकी. तिची वार आपसूक पडली तेव्हा शकिलानं अल्लाचे आभार मानले. नवव्या दिवशी सकाळी तिनं बिजलीच्या कासेला हात लावला आणि तो तसाच मागं घेतला. कास गरम होती, आणि दगडासारखी.

या वेळी चांदभाईंनी कर्जतच्या नव्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डॉक्टर अश्विनी मूळची खर्ड्याची. शिक्षण संपवून वर्षभरापूर्वीच तिनं कर्जतला जनावरांचा दवाखाना टाकला होता. अंगानं किरकोळ, स्कूटीच्या मागं औषधांची मोठी पेटी बांधलेली. वस्तीवर आली ती आधी गाईपाशी गेलीच नाही. गोठाभर हिंडली, गव्हाणीवरून बोट फिरवलं, गटार बघितलं, दोरीवर वाळत घातलेले पाच टॉवेल बघितले. शकिला हात बांधून उभी होती. आता ही पण हात धुवायचं सांगणार, अशी तिची खात्रीच होती.

"चाची," अश्विनी म्हणाली, "माझा दवाखानासुद्धा इतका स्वच्छ नसतो."

शकिलाच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. तीन महिन्यांत घराबाहेरचं कुणी तिच्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

अश्विनीनं बिजलीला औषध दिलं, दुधाचा नमुना घेतला आणि तिच्याकडच्या तसल्याच ताटलीत जांभळं औषध ओतून दाखवलं. दूध घट्ट झालं. शकिलानं विचारलं, हे घट्ट होतं म्हणजे घाण असते का त्यात? अश्विनी म्हणाली, घाण नाही. कासेत जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडं धाव घेतात. त्या जंतूंना गिळतात, मारतात. शरीराची फौजच ती. दुधात त्या पेशी जितक्या जास्त, तितकं हे घट्ट होतं. बिजलीच्या कासेत लाखो पेशी लढायला आल्यात.

शकिलानं ताटली स्वतःच्या हातानं फिरवून बघितली. मग म्हणाली, "एवढी फौज आलीय म्हनता. मग ती जितत का न्हाई?"

अश्विनीनं पेटी बंद करता करता हात थांबवला. स्कूटीवर बसताना ती म्हणाली, चाची, उद्या सकाळी फोन करते.

सकाळी सातलाच फोन आला. बिजलीचं थोडं रक्त हवं होतं. आणि सोबत अशा एका गाईचंही, जी नुकतीच व्यायली आहे आणि जिच्या गोठ्यात दगडी नाही. तशी गाय आसपास एकच होती, आणि ती बांधापलीकडं होती.

शकिलाला ते जड गेलं. माझ्या गाईत खोट आहे आणि तुझ्या गाईत नाही, ते का ते बघायचंय, असं आपल्याच तोंडानं जाऊन सांगायचं. दोनदा ती बांधापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्यांदा मुक्ताबाईनंच हाक मारली, काय भाबी, माप घेतीयास का बांधाचं? तेव्हा शकिलानं सगळं सांगून टाकलं. मुक्ताबाईनं कमरेवर हात ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "घ्या की रगात. पन दुर्बिनीतून काय दिसतंय ते मलाबी बघायचं हाय. न्हाईतर माझी गाय द्याची न्हाई."

दुपारी दोघी चांदभाईंच्या टेम्पोतून कर्जतला गेल्या. अश्विनीनं सकाळीच दोन्ही गाईंचं रक्त नेलं होतं. शिकताना तिनं दोन वर्षं हाच अभ्यास केला होता, म्हणून रंग, काचा, सूक्ष्मदर्शक सगळं तिच्यापाशी होतं. एका यंत्रात रक्त गरगर फिरवून तिनं पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या होत्या. त्यांना गिळायला म्हणून तिनं काय दिलं होतं, तर बेकरीतलं यीस्ट. पाव फुगवायला घालतात तेच. गाईच्या अंगाइतक्या उबेत तासभर ठेवून मग त्यात निळा रंग सोडला होता. मेलेलं यीस्ट निळं दिसतं, जिवंत असेल तर पांढरंच राहतं, एवढं तिनं दोघींना आधी समजावून सांगितलं.

पहिली काच मुक्ताबाईच्या गाईची. शकिलानं एक डोळा मिटून बघितलं. आधी नुसताच धुरकट उजेड. मग अश्विनीनं चाक फिरवलं आणि गोल गोल पेशी दिसायला लागल्या, आणि त्यांच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन निळे ठिपके, डाळीच्या दाण्यासारखे. मेलेले. मग दुसरी काच. बिजलीची. तशाच पेशी, तशाच गोल, त्यांच्याही पोटात दाणे. पण हे दाणे बहुतेक पांढरे होते, चकचकीत. एखाददुसराच निळा.

"ह्यांनी बी गिळलंय की," शकिला म्हणाली.

"गिळलंय. मारता आलेलं नाही," अश्विनी म्हणाली.

मुक्ताबाईनं तिला बाजूला सारून दोन्ही काचा बघितल्या, पुन्हा बघितल्या आणि काहीच बोलली नाही. मुक्ताबाई गप्प बसली हीच त्या दिवसातली मोठी गोष्ट होती, असं चांदभाई पुढं सांगत.

मग अश्विनीनं समजावलं. पेशी जंतूला गिळते आणि पोटातल्या पोटात त्याच्यावर आग सोडते. खरोखरचा जाळ नसतो तो, पण जाळणाराच असतो. आता स्वतःच्याच पोटात आग लावायची तर आपण भाजू नये अशी सोय हवी. ती सोय दोन गोष्टी करतात. एक ई जीवनसत्त्व, ते हिरव्या चाऱ्यातून मिळतं. दुसरं सेलेनियम, मातीतून चाऱ्यात येणारा एक क्षार, चिमटीच्याही हजाराव्या हिश्श्याएवढा लागतो, पण लागतोच. हे दोन्ही नसले की पेशी आपल्याच आगीत होरपळते आणि जंतू मजेत राहतो. वार अडकायचंही बऱ्याचदा तेच कारण. वार सुटायलाही याच पेशी कामाला याव्या लागतात.

"पण चाची," ती म्हणाली, "दोन काचांवरून मी काही ठाम सांगणार नाही. पुण्याच्या लॅबला रक्त पाठवलंय, ते येऊ दे. तोवर मला एक दिवस तुमच्या गोठ्यात बसू द्या. तुम्ही रोज जे करता ते तसंच करा."

शकिलाला तर हेच हवं होतं. हिरवा चारा कमी पडतो म्हणे. तिच्याकडं अर्धा एकर लसूणघास होता, बारमाही. पेंड तर ती नावाजलेल्या दुकानातली आणायची. येऊन बघूच दे बाईला.

रविवारी अश्विनी सकाळी सहाला आली आणि पालथ्या बादलीवर बसली. शकिलानं धारा काढल्या, गोठा धुतला. मग वैरणीची वेळ झाली. ती गच्चीवर गेली आणि घासाचा भारा घेऊन खाली उतरली. अश्विनीनं त्यातली एक काडी हातात घेतली. काडी पिवळट होती, गवताच्या गंजीतल्यासारखी, चुरली की भुगा होत होता.

ओला घास का नाही घालत, असं तिनं विचारलं. शकिलानं अभिमानानं सांगितलं. चार वर्षांपूर्वी ओला घास खाऊन एक गाय फुगली होती, जाता जाता वाचली. आणि तसंही ओल्या घासानं शेण पातळ होतं, सगळीकडं उडतं, गाई बरबटतात. म्हणून ती घास कापला की आठ दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवायची. दोनदा उलटायची. मग शेण कसं गोळ्यासारखं पडतं, उचलायला सोपं. मुक्ताबाईकडं बघा, ती कापून आणते तसा ओलाच टाकते.

अश्विनीनं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग पेंडीची पाळी आली. शकिलानं पोतं उघडलं आणि खुंटीवरची चाळण काढली. पिठाची असते तशी बारीक. दोन-दोन ओंजळी घेऊन ती पेंड चाळायला लागली. वरचा जाडा भाग गव्हाणीत, खाली पडलेली करडी भुकटी एका घमेल्यात.

"ही भुकटी?" अश्विनीनं विचारलं.

"धूळ हाय ती. लई निघती. गाईंच्या नाकात जाती, शिंकत्यात. गव्हान बी पांढरी हुती."

"टाकता कुठं?"

"उकिरड्यावर."

अश्विनी उठली. घमेल्यातली चिमूटभर भुकटी तिनं तळव्यावर घेतली आणि उन्हात धरली. मग पोत्यावरचा कागद वाचला. मग पुन्हा बादलीवर बसली. तिला हसायचं नव्हतं, पण ओठ काही तिचं ऐकेनात.

"चाची, ही धूळ नाही," ती म्हणाली. "पेंड बनवताना क्षार आणि जीवनसत्त्वं भुकटी करून मिसळतात. ती जड असते, बारीक असते, चाळलं की तीच आधी खाली पडते. तुमचं सेलेनियम रोज उकिरड्यावर जातंय. आणि घासातलं ई जीवनसत्त्व गच्चीवर उन्हात उडून जातंय."

बांधावर मुक्ताबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. शकिलानं वर बघितलं, आता ही हसणार म्हणून. मुक्ताबाई हसली नाही. म्हणाली, तुझा उकिरडा मातूर लई धडधाकट असंल बघ, आणि आपल्या कामाला निघून गेली.

अश्विनी गेल्यावर शकिला चाळण हातात धरून बसली. गुलाबच्या आटलेल्या सडाकडं तिची नजर जात होती. चांदभाईंना एवढंच म्हणाली, मीच केलं हे, माझ्याच हातानं. चांदभाईंनी तिला समजावायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी विळा घेतला, रानात गेले आणि घासाचा एक हिरवागार, ओला भारा आणून गोठ्याच्या दारात टाकला. म्हणाले, आता दुसऱ्या हातानं हे घाल.

लॅबचा कागद आठवड्यानं आला. दोन्ही गोष्टी कमी होत्या, जेवढ्या असायला हव्यात त्याच्या निम्म्याही नव्हत्या. अश्विनीनं सगळं लिहूनच दिलं. घास कापला की चार-पाच तास सुकवायचा, फार तर अर्धा दिवस, तोही सावलीत. आधी कोरडी वैरण पोटात जाऊ द्यायची, मग घास, म्हणजे गाय फुगणार नाही. पेंड चाळायची नाही. आणि मोती, जी दोन महिन्यांनी व्यायची होती, तिला व्यायच्या आधी ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं इंजेक्शन. ते आपल्या मनानं वाढवायचं नाही, हे तिनं दोनदा बजावलं. कमी पडलं तर दगडी, जास्त झालं तर विष. बिजलीच्या दुधाचा नमुनाही तपासून आला होता, त्याप्रमाणं औषध बदललं आणि तिची कास हळूहळू मऊ झाली.

मग शकिलाची खरी परीक्षा सुरू झाली. ओला घास पोटात गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून गोठ्यात जे सुरू झालं, ते सांगण्यासारखं नाही. शेण पडायचं ते पसरायचंच. पांढऱ्या गोंड्यांना हिरवा रंग चढला. मोतीनं एकदा शेपटी फिरवली आणि शकिलाच्या गालापासून कानापर्यंत सडा शिंपला. शकिला डोळे मिटून तशीच उभी राहिली. मनात तिनं कायकाय म्हटलं ते तिचं तिलाच माहीत. मग नळाखाली तोंड धुतलं आणि पुन्हा घासाची पेंढी उचलली. चाळण तिनं स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, पण दोनतीनदा तिचा हात रिकाम्या खुंटीकडं गेलाच.

धुणं मात्र तिनं सोडलं नाही. दोन वेळाचा गोठा चार वेळा धुवायला लागली, एवढाच फरक. चांदभाईंनी गवंडी बोलावून गटाराला जास्तीचा उतार काढून दिला.

एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी मोतीला कळा सुरू झाल्या. ऊन मी म्हणत होतं. शकिलानं गोठ्याच्या पत्र्यावर ओली पोती टाकली होती. मुक्ताबाई आपणहून येऊन बसली. साडेतीनला कालवड झाली, काळी, कपाळावर पांढरा ठिपका. मोतीनं तिला चाटून चाटून उभं केलं. आता वाट बघायची ती वारेची. शकिला हातातला टॉवेल पिळत होती. मुक्ताबाई तिचं लक्ष दुसरीकडं वळवायला म्हणून आपल्या भावकीतल्या एका लग्नाची लांबलचक गोष्ट सांगत होती. त्यात मुलाकडच्यांनी आणि मुलीकडच्यांनी एकच बँडवाला ठरवला होता आणि ते कुणालाच कळलं नव्हतं. गोष्ट बँडवाल्याच्या फजितीपर्यंत आली आणि मोती उठून उभी राहिली. वार अख्खी खाली पडली. चांदभाईंनी मोबाईलमध्ये वेळ बघितली. व्यायल्याला पुरते चार तासही झाले नव्हते.

शकिलानं मुक्ताबाईला मिठी मारली. दोघींच्याही अंगावर शेण होतं, आणि ते कुणाचं जास्त होतं हे सांगता आलं नसतं.

पुढचे पंधरा दिवस ती रोज सकाळी आधी मोतीच्या कासेला हात लावायची. कास मऊच होती. महिना झाला, तशी ती दूध घेऊन केंद्रावर गेली आणि गोरक्षनाथ काही म्हणायच्या आतच म्हणाली, ताटली काढ. त्यानं काढली. पाचही गाईंचं दूध तिनं वेगवेगळ्या बाटल्यांतून आणलं होतं. एकेक करून त्यानं औषध ओतलं, फिरवलं. नूरीचं किंचित चिकट झालं, बाकी सगळी पातळ. बिजलीचंही. गोरक्षनाथनं ताटली धुवायला ठेवली आणि म्हणाला, "भाबी, त्या दिवशी मी चुकलो."

"चुकला न्हाईस तू. हात धुवायला सांगनं काय वाईट न्हाई," ती म्हणाली. "पन तेवढ्यानं भागत न्हाई, एवढं ध्यानात ठिव."

पावसाळ्याच्या तोंडावर अश्विनीनं कर्जतला दूधवाल्यांची एक बैठक बोलावली. पन्नास-साठ माणसं आली. तिनं त्या दोन काचांचे फोटो मोठे करून भिंतीवर दाखवले, निळे दाणे आणि पांढरे दाणे. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. पण शकिला दुसऱ्या रांगेत बसली होती, ती आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, ते पांढरे दाने माझ्या गाईचे. मग चाळणीची गोष्ट तिनं स्वतःच सांगितली, उकिरड्यासकट. लोक पोट धरून हसले, आणि त्यांच्या हसण्यात तीही हसली.

मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजे चाची, गोठा घान ठिवायचा का आता?"

शकिलानं त्याच्याकडं असं बघितलं, की तो अर्धा खाली बसला.

"गोठा रोज धुवा. दोनदा धुवा," ती म्हणाली. "गाईचं जेवन मातूर धुऊन-वाळवून मारू नका."

बैठक संपल्यावर पाच-सहा बायकांनी तिला गराडा घातला. एकीला घास सावलीत किती वेळ ठेवायचा ते पुन्हा ऐकायचं होतं. दुसरी म्हणाली, आमच्यात पण चाळत्यात, आता सासूला कसं सांगू? शकिला प्रत्येकीला नीट उत्तर देत बसली. शेवटी बाहेरून मुक्ताबाईची हाक आली. चांदभाईंनी टेम्पो सुरू करून ठेवला होता, आणि धारांची वेळ होत आली होती.